बोर्डिंगचं शटर बंद, विसार त्यांच्याकडे: प्राण्यांच्या सेवेचे पैसे परत कसे मिळवायचे

वसुबारसेच्या सकाळी साडेसहाला आम्ही कोल्हापूरच्या वेशीवरच्या एका डॉग बोर्डिंगसमोर, म्हणजे आपण गावाला गेल्यावर कुत्रा ठेवून घेणाऱ्या जागेसमोर, गाडी लावून उभे होतो. सावंतवाडीला बहिणीकडे निघालो होतो. मागच्या सीटवर आमचा बंड्या, साडेतीन वर्षांचा कारवान जातीचा कुत्रा, आणि त्याच्या शेजारी त्याचं घोंगडं, स्टीलचं ताट, सहा दिवसांच्या खाण्याचा डबा. दिवसाला 700 रुपये दराने सहा दिवसांचे 4,200 रुपये दोन आठवडे आधीच दिलेले. शटर मात्र खाली, कुलूप घातलेलं, फोन बंद. समोरच्या चहावाल्यानं सांगितलं, "ते कालच गावाला गेले की ओ." बंड्या शटरखालच्या फटीला नाक लावून आतला वास घेत होता. पहिल्यांदा तिथं राहिला होता तेव्हाचं ठिकाण त्याला आठवत असणार.

पैसे तेवीस दिवसांनी परत मिळाले. ते मिळवताना जे कळलं, ते पहिल्यांदाच कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्यांसाठी इथं लिहितो आहे. कोल्हापुरात असे व्यवहार अजून शब्दावर चालतात. ओळखीतून नंबर मिळतो, फोनवर ठरतं, विसार पाठवला की झालं. शब्द पाळला गेला तर प्रश्नच नाही. मोडला, तर हातात कागद किती आहे यावरच पुढचं सगळं ठरतं.

आधी तक्रार नेमकी ओळखा

सेवा मिळालीच नाही, अर्धी मिळाली आणि वाईट मिळाली, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बोर्डिंग बंद निघालं, ग्रूमर (आंघोळ घालणारा, केस कापणारा) घरी आलाच नाही, ट्रेनरनं आगाऊ पैसे घेऊन पहिला वर्गही घेतला नाही, ही पहिली जात. इथं वाद घालायला जागाच नसते. पैसे घेतले, काम केलं नाही, पैसे परत द्या. महिन्याचे पैसे घेतलेला डॉग वॉकर (कुत्र्याला फिरवून आणणारा) अकरा दिवसांनी यायचा बंद झाला, ही दुसरी जात. यात हिशोब करावा लागतो. केस वेडेवाकडे कापले, कुत्रा घाबरून आला, खोली अस्वच्छ होती, ही तिसरी. ती सिद्ध करायला सगळ्यात अवघड.

रागाच्या भरात माणूस तिन्हींची खिचडी करतो. "तुमची जागाही घाण आहे, मागच्या वेळीही तुम्ही उशीर केला होता" असं सुरू झालं की समोरचा घाण-स्वच्छतेवर वाद घालत बसतो आणि पैशांचा विषय मागे पडतो. सेवा मिळालीच नसेल तर तेवढंच धरून बसा.

बोर्डिंगमध्ये प्राणी आजारी पडला, जखमी झाला किंवा हरवला, तर ते प्रकरण नुसत्या परताव्याचं राहत नाही. आधी प्राणी ताब्यात घ्या, डॉक्टरकडे न्या, तपासणीचा लेखी रिपोर्ट आणि बिल घ्या. पैशांचं बोलणं त्यानंतर.

त्याच तासाला करायची कामं

शटरसमोर उभं असताना बायकोनं मला सुचवलं म्हणून मी फोटो काढला, नाहीतर मी नुसताच चिडून फोन लावत बसलो असतो. फोटोत पाटी, कुलूप आणि आमची गाडी एकत्र आली. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन सुरू होतं, त्यामुळे वेळ आणि जागा दोन्ही त्यात नोंदली गेली. हा एक फोटो पुढं सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

तुम्हीही हेच करा. जागेचा फोटो काढा, दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, केलेल्या कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि तिथूनच एक मेसेज टाका: "आज ठरल्याप्रमाणे सकाळी 6.30 ला आलो आहे, जागा बंद आहे, फोन लागत नाही." एवढंच. शिव्या नकोत, धमकी नको. हा मेसेज ते वाचतील की नाही याची फिकीर करू नका. तुम्ही वेळेवर हजर होता, हे त्यात नोंदलं गेलं.

घरी येणारा ग्रूमर किंवा वॉकर आला नाही, तर ठरलेली वेळ उलटल्यावर अर्ध्या तासाच्या आत असाच मेसेज पाठवा. दोन दिवसांनी "परवा तुम्ही आला नाहीत" म्हटलं की "आलो होतो, तुम्हीच दार उघडलं नाही" हे उत्तर ठरलेलं असतं.

पर्यायी सोय करावी लागली तर तिचं बिल सोडू नका. आम्ही बंड्याला दुसरीकडे दिवसाला 900 रुपयांनी ठेवलं, सहा दिवसांचे 5,400. तिथं पक्की पावती मागून घेतली. त्यांच्यामुळे जे जास्तीचे 1,200 गेले, ते मागायला आधार तीच पावती होती.

आकडा ठरवा, मगच मागा

"माझे पैसे परत द्या" या वाक्याला उत्तर देणं सोपं असतं: "बघतो." ठरलेल्या आकड्याला तसं उत्तर देता येत नाही.

सेवा अजिबात मिळाली नसेल तर दिलेली पूर्ण रक्कम मागा. अर्धवट मिळाली असेल तर भागाकार करा. वॉकरला महिन्याचे 3,000 रुपये दिले, तीस फेऱ्या ठरल्या, अकरा झाल्या, तर उरलेल्या एकोणीस फेऱ्यांचे 1,900. ग्रूमिंगचं चार वेळांचं पॅकेज 3,600 ला घेतलं, एकदाच झालं, तर 2,700. इथं एक युक्तिवाद हमखास येतो: "पॅकेजमध्ये सूट होती, एका वेळेचा दर 1,200 आहे, तेवढे कापून घेणार." तुम्ही स्वतःहून पॅकेज सोडलं असतं तर या बोलण्यात थोडंफार तथ्य होतं. सेवा त्यांनी बंद केली असेल तर हिशोब पॅकेजच्या दरानंच व्हायला हवा, आणि मी त्यावर अडून बसेन.

पर्यायी सोयीचा जास्तीचा खर्च वेगळ्या ओळीत मागा. मूळ रक्कम आणि जास्तीचा खर्च एकाच आकड्यात मिसळला की समोरचा पूर्ण आकडाच नाकारतो. वेगळा लिहिला तर निदान मूळ रक्कम तरी पटकन सुटते.

लेखी मागणी कशी लिहायची

मी पाठवलेला मेसेज जवळजवळ असा होता. नावं आणि तारखा तुमच्या घाला:

"दादा, नमस्कार. आमच्या कुत्र्यासाठी (बंड्या) अमुक तारखेपासून सहा दिवसांचं बोर्डिंग तुमच्याकडे ठरलं होतं. त्याचे 4,200 रुपये अमुक तारखेला यूपीआयने दिले, व्यवहार क्रमांक असा. ठरलेल्या दिवशी सकाळी 6.30 ला आम्ही आलो तेव्हा जागा बंद होती, फोन बंद होता, आणि आधी काहीही कळवलं नव्हतं. सेवा मिळालेली नाही, म्हणून 4,200 रुपये सात दिवसांच्या आत याच यूपीआयवर परत करावेत. ऐनवेळी दुसरीकडे ठेवावं लागल्यानं 1,200 रुपये जास्तीचे गेले, त्याची पावती सोबत आहे, तेही द्यावेत. फोटो आणि पावत्या जोडल्या आहेत."

त्यात कोण, काय, कधी, किती, कोणत्या मुदतीत हे सगळं आलं. यूपीआयचा बारा आकडी क्रमांक ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो, तो नक्की लिहा. पैसे रोख दिले असतील तर मेसेजमध्ये तसं लिहा आणि "4,200 रोख दिले होते ना?" असं विचारून त्यांच्याकडून होकार मिळवा. "हो, पण…" एवढं उत्तर आलं तरी पैसे मिळाल्याचं त्यांनी मान्य केलं.

मेसेजला त्यांनी फोननं उत्तर दिलं, तर बोला, आदरानं बोला, पण बोलणं झाल्यावर लगेच लिहा: "आता फोनवर ठरल्याप्रमाणे शुक्रवारपर्यंत पैसे पाठवताय." आपल्याकडे मधला माणूस घालून बोलायची पद्धत आहे. ओळखीच्या डॉक्टरांमार्फत, तालमीतल्या कुणामार्फत निरोप जातो. त्यात वाईट काही नाही आणि बऱ्याच वेळा काम तिथंच होतं. फक्त जे ठरेल ते मेसेजमध्ये उतरलं पाहिजे.

"पुढच्या वेळी फुकट ठेवून घेतो" असं म्हणतील. ज्याच्या दारातून आपलं मुकं जनावर एकदा परत न्यावं लागलं, त्याच्याकडे ते पुन्हा सोपवायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी नकार दिला. पैशांच्या बदल्यात सेवा घेण्याची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही.

"ॲडव्हान्स परत मिळत नाही" या पाटीचं काय?

ही पाटी सगळीकडे असते आणि नवखा माणूस ती वाचून गप्प बसतो. ही अट ग्राहकानं बुकिंग रद्द केलं तर लागू पडण्यासाठी असते. सेवा देणाऱ्यानंच दिली नाही तर त्या पाटीआड त्याला लपता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात पैसे घेऊन ठरलेली सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी ठरते. बिल न देणं आणि त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे परत करायला नकार देणं, यांनाही हा कायदा अनुचित व्यापार प्रथा म्हणतो. परताव्याची मुदत बिलावर लिहिलेली नसेल तर त्यासाठी कायद्यानं तीस दिवस धरले आहेत.

कोल्हापूरकरांसाठी पुराचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात काय झालं ते सगळ्यांना आठवतं, शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. अशा वेळी बोर्डिंग पाण्यात गेलं म्हणून ते तुमचा कुत्रा ठेवू शकले नाहीत, तर त्यांना दोष देऊ नका आणि नुकसानभरपाईही मागू नका. पण विसाराचे पैसे तरीही परत मिळायला हवेत. करार पाळणंच अशक्य झालं तर ज्यानं पैसे घेतले त्यानं ते परत करावेत, असं भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 65 सांगतं. उलट, त्यांची जागा उघडी होती आणि रस्ता बंद म्हणून तुम्हीच पोहोचू शकला नाहीत, तर तुमची बाजू बरीच कमजोर होते. तिथं पुढची तारीख मागून घेणं शहाणपणाचं.

ॲपवरून बुकिंग केलं असेल तर

आता घरी येणारे ग्रूमर, वॉकर ॲपवरही मिळतात. इथं तुमची बाजू थोडी भक्कम असते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि तक्रार एका महिन्यात निकाली काढावी लागते. ॲपमधल्या चॅटवर बोलून थांबू नका, त्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर तक्रार पाठवा. "आम्ही फक्त गाठ घालून देतो" असं कंपनी म्हणेल. तुम्ही कंपनी आणि तो सेवा देणारा, दोघांनाही लिहा.

पैसे क्रेडिट कार्डनं दिले असतील तर बँकेकडे सेवा न मिळाल्याचा वाद नोंदवता येतो, त्याला चार्जबॅक म्हणतात. त्याला ठरावीक मुदत असते, म्हणून त्याच आठवड्यात बँकेला लिहा. यूपीआयच्या ॲपमध्येही त्या व्यवहारावर जाऊन तक्रार टाकता येते. तीही टाका, पण आपण स्वतः पिन घालून पाठवलेले पैसे बँक परस्पर ओढून आणेल या भरवशावर राहू नका.

1915 ला फोन

सात दिवसांची मुदत उलटली तरी उत्तर नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: 1915. मराठीत बोलता येतं. फोन लागला नाही तर व्हॉट्सॲप 8800001915 वर, उमंग ॲपवर किंवा हेल्पलाइनच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. हेल्पलाइन हुकूम काढत नाही, ती तुमची तक्रार समोरच्याकडे पोहोचवते आणि उत्तर मागते. मोठ्या कंपन्यांवर याचा चांगला परिणाम होतो. एका खोलीत चालणाऱ्या बोर्डिंगवर कमी. तरी करा, कारण तुम्ही सामोपचारानं मिटवायचा प्रयत्न केला होता, हे त्यातून दिसतं.

नोटीस

आमचं काम नोटिशीनं झालं. मी वकील केला नाही. साध्या कागदावर मराठीत, वरच्या मेसेजमधलाच मजकूर जरा सविस्तर लिहिला, पंधरा दिवसांची मुदत दिली आणि "न दिल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करावी लागेल" हे शेवटचं वाक्य घातलं. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टनं पाठवायचं आणि पोहोचल्याचा पुरावा मागून घ्यायचा. पोस्टाची पावती नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवा.

अडचण येते ती नाव-पत्त्याची. पाटीवर "पेट केअर" एवढंच असतं. यूपीआयनं पैसे पाठवताना बँकेतलं जे नाव दिसतं ते बघा, बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर त्यावरूनही मालकाचं नाव सापडतं. दुकानातल्या परवान्याच्या फ्रेमचा फोटोही कामाला येतो. नोटीस मालकाच्या नावानं आणि दुकानाच्या नावानं, दोन्हींनी काढा.

नोटीस मिळाल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. घरात अचानक कुणीतरी आजारी पडलं म्हणून गावी जावं लागलं होतं, असं ते म्हणाले. ते खरंही असेल. एक फोन केला असता तर आम्ही सोय लावली असती, हे मी त्यांना सांगितलं. 4,200 त्याच संध्याकाळी आले. जास्तीच्या 1,200 पैकी 600 वर मी तयार झालो.

ग्राहक आयोगाकडे जायचं तर

रक्कम लहान आहे म्हणून आयोगाकडे जाता येत नाही, हा गैरसमज आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. आधी नोटीस दिलीच पाहिजे असंही कायद्यात नाही, पण दिलेली बरी. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हायला हवी. आणि नव्यांना माहीत नसलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट: कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे कोल्हापुरातच तक्रार करता येते.

तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. काय ठरलं, किती दिले, काय मिळालं नाही, किती मागता, हे तारखेच्या क्रमानं लिहा. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांची यादी. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलं तर पुढचा आक्षेप टळतो. मूळ चॅट मात्र फोनमधून पुसू नका.

तक्रार दाखल करून घेतल्यावर समोरच्याला नोटीस जाते, उत्तराला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्या तयारीनं जा. आयोग मूळ रक्कम, व्याज, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च देऊ शकतो. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किमान 25 हजार ते 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 4,200 रुपयांसाठी इतकं करावं का? पॅकेजचे पंधरा-वीस हजार अडकले असतील तर मी नक्की करेन. लहान रकमेला नोटिशीपर्यंत जाऊन मग ठरवा.

एक अट लक्षात ठेवा. कुत्र्यांच्या पैदाशीचा धंदा करणाऱ्यानं धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्याखाली सहसा बसत नाही, अपवाद स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याचा.

पोलीस कधी?

सेवा दिली नाही एवढ्यावर पोलीस ठाण्यात गेलात तर "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकायला मिळेल. पण इन्स्टाग्रामवर सुंदर फोटो टाकून विसार घेतला, पत्ताच खोटा निघाला, पैसे जाताच तुम्हाला ब्लॉक केलं, तर ती फसवणूक आहे. अशा वेळी थांबू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

पुढचं बुकिंग करताना

आता आम्ही विसार देण्याआधी जागा बघून येतो, आणि बंड्यालाही सोबत नेतो. पैसे अर्धेच आधी देतो, बाकीचे परत न्यायला गेल्यावर. आणि पैसे पाठवण्याच्या आधी हा मेसेज टाकतो:

"ताई, अमुक ते अमुक तारीख, सहा दिवस, दिवसाला 700, एकूण 4,200. आता 2,100 पाठवतो, उरलेले नेताना देतो. काही कारणानं तुम्हाला ठेवून घेणं जमणार नसेल तर दोन दिवस आधी कळवा आणि विसार परत करा. तुमच्याशिवाय घरातल्या आणखी कुणाचा तरी नंबर देऊन ठेवा. हे मान्य असेल तर 'हो' लिहा, मग पैसे पाठवतो."

'हो' आल्यावरच पिन घालायचा.